यो-यो कॉम्प्युटरवर घडवताना: मधल्या खुंटापासून कडेपर्यंत

यो-यो डिझाइन करायला बसलेला जवळजवळ प्रत्येक नवखा आधी बाहेरचा आकार काढतो. सुंदर बाक, कडेला एखादी पायरी, वाटीत, म्हणजे बाहेरच्या पोकळ बाजूत, थोडी नक्षी. बेअरिंगसाठी मधे एक गोल भोक पाडायचं काम शेवटी उरतं. असा यो-यो स्क्रीनवर देखणा दिसतो आणि दोरीवर थरथरतो. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी गाभा, मग वजन, त्यानंतर आकार. यो-यो चालणार की नाही हे गाभ्यातल्या एक-दोन दशांश मिलिमीटरांवर ठरतं. तो कसा चालणार, एवढंच आकाराच्या हातात असतं.

पुढचं सगळं एका प्रकारच्या यो-योबद्दल आहे: बेअरिंगचा, नुसत्या झटक्याने हातात परत न येणारा, दोरीवरच्या करामतींसाठीचा, म्हणजे खेळाडू ज्याला वन-ए म्हणतात तो. दोरीपासून सुटा फेकायचा मोठा यो-यो किंवा दोन्ही हातांनी फेऱ्या मारायचा जुन्या धाटणीचा यो-यो यांची मापं वेगळी असतात.

फाइल उघडण्याआधी

आधी सुटे भाग हातात घ्या. सी साइजचं बेअरिंग (दुकानदाराच्या कॅटलॉगमध्ये ते बहुधा आर१८८ या नावाने सापडतं), एम४ चे ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) १० आणि १२ मिमी लांबीचे, दोरी पकडणारे १९ मिमी व्यासाचे सिलिकॉनचे पॅड आणि पॉलिएस्टरची दोरी. सोबत डिजिटल व्हर्निअर आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा. बेअरिंगची कागदावरची मापं अशी: आतला व्यास ६.३५ मिमी, बाहेरचा १२.७० मिमी, रुंदी ४.७६ मिमी. पॅडची जाडी आणि आतला व्यास मात्र उत्पादकागणिक बदलतो, त्यामुळे इंटरनेटवरचा आकडा उचलू नका. हातातला पॅड मोजा आणि तेच माप फाइलमध्ये टाका.

सॉफ्टवेअरकडून तीनच गोष्टी हव्यात: मापांवर चालणारं स्केच, ते अक्षाभोवती फिरवून घनाकृती करणारी रिव्हॉल्व्ह आज्ञा आणि वजन काढण्याची सोय. फ्यूजन, ऑनशेप, सॉलिडवर्क्स, फ्रीकॅड यांपैकी कोणतंही चालेल. फ्यूजनच्या वैयक्तिक वापराच्या फुकट लायसन्सवर एका वेळी दहाच फाइली संपादनासाठी खुल्या ठेवता येतात. ऑनशेपच्या फुकट खात्यातलं काम सगळ्यांना दिसतं. फ्रीकॅडवर असलं कसलंच बंधन नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून ते बरंच सुधारलं आहे. शिल्पकलेसारखा आकार ओढून-ताणून बनवणारी सॉफ्टवेअर या कामाला घेऊ नका. तिथे बेअरिंग ज्यावर बसतं त्या खुंटाचा व्यास ६.३३ वरून ६.३२ करायचा म्हटलं तर अख्खी संध्याकाळ जाते.

पायरी १: मापांना नावं द्या

रेघ काढण्याआधी पॅरामीटरचा तक्ता भरा. सुरुवातीला हे आकडे धरा: एकूण व्यास ५६ मिमी, एकूण रुंदी ४४ मिमी, दोन भिंतींमधली फट ४.४ मिमी, खुंटाचा व्यास ६.३३, बेअरिंगची रुंदी ४.७६, बेअरिंगच्या खोबणीचा व्यास १२.९, पॅडच्या खाचेचा आतला आणि बाहेरचा व्यास आणि खाचेची खोली. प्रत्येकाला सरळ मराठी किंवा रोमन नाव द्या. स्केचमधलं कुठलंही माप हाताने टंकायचं नाही, तक्त्यातल्या नावानेच भरायचं. याचा फायदा तिसऱ्या-चौथ्या नमुन्याला कळतो: फट बदलली की तिच्यासोबत खोबणी, ओठ आणि पॅड आपापल्या जागी सरकतात.

पायरी २: गाभ्याची रेघ

यो-यो म्हणजे एकाच रेघेची दोनदा फिरलेली आकृती. एक अर्धुक काढलं की दुसरं आरशातलं. स्केचमध्ये एक आडवी रेघ म्हणजे फिरण्याचा अक्ष, आणि तिला काटकोनात उभी रेघ म्हणजे दोन अर्धुकांच्या बरोबर मधली पातळी. पुढची सगळी अंतरं या मध्यपातळीपासून मोजायची.

अक्षाकडून बाहेर जाताना आधी खुंट लागतो. बेअरिंगचं आतलं कडं यावर बसतं. व्यास ६.३३ मिमी, टोक मध्यपातळीपासून ०.२० मिमी आत. समोरच्या अर्धुकाचं टोकही तेवढंच आत, म्हणजे दोन टोकांत ०.४ मिमी मोकळं राहतं. ही मोकळीक हवीच. टोकं एकमेकांना टेकली तर ॲक्सल (दोन अर्धुकं जोडणारा ग्रब स्क्रू) कितीही आवळा, बेअरिंग दोन अर्धुकांच्या मधे चेपलं जात नाही, नुसतं खडखडतं.

खुंटाच्या मुळाशी खांदा, मध्यपातळीपासून २.३८ मिमीवर, म्हणजे बेअरिंगच्या रुंदीच्या निम्म्यावर. खांद्याचा बाहेरचा व्यास ७.५ मिमीच्या आसपास. खांदा फक्त बेअरिंगच्या आतल्या, अर्धुकांबरोबर फिरणाऱ्या कड्याला टेकायला हवा. तो रुंद झाला तर झाकणाला किंवा दोरीबरोबर थांबलेल्या बाहेरच्या कड्याला घासतो, आणि यो-यो जितका आवळाल तितका कमी फिरतो.

खुंट आणि खांदा जिथे मिळतात तो आतला कोपरा झूम करून बघा. बेअरिंगच्या आतल्या काठाला जराशी गोलाई असते. लेथवरच्या कापणाऱ्या हत्याराच्या टोकालाही गोलाई असतेच, आणि ती कोपऱ्यात उमटते. हत्याराची गोलाई बेअरिंगच्या गोलाईपेक्षा मोठी निघाली की बेअरिंग खांद्यावर बसण्याऐवजी त्या गोलाईवर चढून तिरकं राहतं. डोळ्यांना काही दिसत नाही, दोरीवर मात्र थरथर स्पष्ट जाणवते. उपाय दोन. ड्रॉइंगवर लिहा की या कोपऱ्यात ०.२ मिमीपेक्षा मोठी गोलाई चालणार नाही, किंवा खुंटाच्या मुळाशी ०.२ मिमी खोल, ०.४ मिमी रुंद अशी बारीक खाच आधीच काढून ठेवा. दुसरा उपाय जास्त खात्रीचा.

खांद्याच्या बाहेर खोबणीचा तळ २.६० मिमीवर, व्यास १२.९ मिमीपर्यंत. तिथून खोबणीची भिंत सरळ वर येते आणि २.२० मिमीवर ओठ होतो. २.२० च्या दुप्पट म्हणजे ४.४, हीच आपली फट. बेअरिंग ४.७६ रुंद आणि फट ४.४, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं दोन्ही बाजूंना ०.१८ मिमी ओठाच्या आत लपतं. ते असं लपलं नाही तर दोरी बेअरिंग आणि भिंतीच्या मधल्या चिरेत घुसते आणि अडकते.

ओठाच्या पुढे पॅडची खाच. तिची खोली पॅडच्या जाडीपेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी जास्त, जेणेकरून पॅड भिंतीच्या किंचित खाली राहील. पॅड वर आला तर यो-यो नको तेव्हा दोरी पकडतो. खोल गेला तर बाइंड (यो-यो परत आणण्यासाठी दोरीची घडी फटीत घालणं) घालताना दोरी घसरते आणि यो-यो हातात येतच नाही. खाचेच्या मागे, वाटीच्या बाजूला, निदान १.५ मिमी जाडी शिल्लक आहे ना हे इथेच बघून घ्या. वाटी खोल करण्याच्या नादात हीच जागा कागदासारखी होते.

ॲक्सलसाठी एम४×०.७ चे आटे. आटे पाडण्याआधीचं भोक ३.३ मिमी. खुंटाच्या टोकापासून पहिला १ मिमी आटे न पाडता ४.२ मिमी व्यासाने मोकळा ठेवा, कारण त्या पातळ नळीत आटे असले की आवळताना खुंट फुगतो आणि बेअरिंग त्यावर जाम होतं. १२ मिमीचा ग्रब स्क्रू घेतला तर प्रत्येक बाजूला ६ मिमी जातात, त्यातून ०.२ आणि १ वजा करा, ४.८ मिमी आटे धरतात. ॲल्युमिनियमला तेवढे पुरतात. १० मिमीचा घेतला तर ३.८ उरतात आणि वारंवार उघडझाप करणाऱ्याचे आटे लवकर झिजतात. भोक मात्र ग्रब स्क्रूच्या टोकाच्या पुढे दीड-दोन मिमी जाऊ द्या. स्क्रू तळाला टेकला की अर्धुकं मिटतच नाहीत.

पायरी ३: वजनाचा हिशेब

आता बाहेरची रेघ काढायची, पण हातात एक आकडा घेऊन. समजा पूर्ण यो-यो ६६ ग्रॅमचा हवा. बेअरिंग साधारण २ ग्रॅम, ॲक्सल आणि पॅड मिळून १ ग्रॅम (तुमच्या काट्यावर जे भरेल ते धरा). उरले ६३, म्हणजे अर्धुकाला ३१.५ ग्रॅम. ६०६१ ॲल्युमिनियमची घनता २.७० ग्रॅम प्रति घन सेंमी, तेव्हा अर्धुकाचं घनफळ ११.६७ घन सेंमी हवं. हीच आकृती ७०७५ मध्ये काढली तर घनता २.८१, अर्धुक ३२.८ ग्रॅमचं होतं आणि पूर्ण यो-यो अडीच ग्रॅमहून जास्त जड. धातू बदलून आकार तसाच ठेवणारे इथेच फसतात. पितळ ८.५ आणि स्टेनलेस ८ च्या आसपास, ग्रेड ५ टायटॅनियम ४.४३, डेलरिन प्लॅस्टिक १.४१, थ्रीडी प्रिंटरचं पीएलए प्लॅस्टिक १.२४.

रिव्हॉल्व्ह करून मटेरियल लावा आणि वजन बघा. पहिल्या फेरीत ते हमखास पाच-सात ग्रॅमने चुकतं. जुळवायचं कुठून? वाटीच्या तळातून. २० ते ४० मिमी व्यासाच्या पट्ट्यातून ०.२ मिमी खोल काढलं की अर्धुकामागे सुमारे अर्धा ग्रॅम कमी होतो आणि खेळण्यावर परिणाम जवळपास शून्य, कारण तिथलं वजन फिरण्याला फारशी मदत करतच नाही.

यामागचं गणित एकदा मनात बसलं की डिझाइनचे निम्मे निर्णय आपोआप होतात. वस्तू फिरत राहण्याची चिकाटी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं जडत्व आघूर्ण, अंतराच्या वर्गाने वाढतं. अक्षापासून १५ मिमीवरचा एक ग्रॅम २२५ देतो, २६ मिमीवरचा तोच एक ग्रॅम ६७६. तिप्पट. ५६ मिमी व्यासाची ६६ ग्रॅमची सपाट भरीव चकती घेतली तर सुमारे २५,९०० ग्रॅम-चौरस मिमी. तेच सगळं वजन अगदी कडेवरच्या कड्यात नेता आलं असतं तर ५१,७००. तुमचा यो-यो या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असेल. आकडा वरच्या टोकाकडे नेला की फिरण्याचा वेळ आणि स्थैर्य वाढतं. त्याचबरोबर यो-यो हातात आळशी वाटू लागतो, दिशा बदलायला वेळ घेतो. नवख्याने पहिल्या यो-योत टोक गाठू नये. कडेत वजन आहे पण मधला भागही पोकळ-पातळ नाही, असा मध्यम यो-यो चुका पोटात घेतो.

आणखी एक आकडा फार थोडे लोक तपासतात. सॉफ्टवेअर तीन अक्षांभोवतीची आघूर्णं देतं. ॲक्सलभोवतीचं आघूर्ण बाकी दोघांपेक्षा स्पष्ट मोठं हवं. बेअरिंग आणि दोरीच्या घर्षणात ऊर्जा झिजत असताना फिरती वस्तू सर्वांत मोठ्या आघूर्णाच्या अक्षाकडे कलू पाहते. तो अक्ष ॲक्सल नसेल तर डुलणं वाढत जातं. कडेचं वजन २६ मिमी त्रिज्येवर आणि मध्यपातळीपासून १५ मिमीवर असेल तर दर ग्रॅमला ॲक्सलभोवती ६७६ आणि ॲक्सलला काटकोनातल्या अक्षाभोवती ५६३. ठीक. तेच वजन रुंदी वाढवून २० मिमीवर नेलं की हे दुसरं आघूर्ण ७३८ होतं आणि गणित उलटतं. म्हणून ‘रुंद केला की झेलायला सोपा’ हे खरं असलं तरी व्यास न वाढवता रुंदी ४४-४६ च्या पुढे ओढताना हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा.

पायरी ४: बाहेरचा आकार

इथे मात्र मोकळीक आहे, आणि खरी मजाही इथेच. भिंत सरळ तिरकी ठेवली, व्ही अक्षरासारखी, की दोरी सहज मधे घरंगळते. लहान आणि गुंतागुंतीच्या करामतींना हा आकार उत्तम. गोलसर आकार तळहातात बसतो, झेलताना लागत नाही, पण वजन मधे साचतं. पायरीचा आकार वजन कडेकडे ढकलतो. पायरीचा कोपरा धारदार राहिला तर दोरी तिथे आदळून उडते, म्हणून निदान १ मिमीची गोलाई द्या. पॅडच्या खाचेबाहेर लगेच भिंत उंचावू नका. २१-२२ मिमी व्यासापर्यंत ती जवळपास सपाट राहू दे, नाहीतर दोरीचे दोन-तीन थर बसताच ती भिंतीला घासते.

कडेच्या बाहेरच्या कोपऱ्याला ०.५ ते १ मिमी गोलाई. हाताला हाच कोपरा लागतो. सगळं झालं की आरसा आज्ञेने दुसरं अर्धुक काढा, बेअरिंगचं साधं मॉडेल मधे ठेवा आणि अक्षातून उभा छेद घेऊन बघा. बहुतेक चुका या एका दृश्यात पकडल्या जातात.

पायरी ५: थ्रीडी प्रिंटवरचा नमुना

धातूला हात लावण्याआधी प्रिंट काढायचीच. मात्र त्याच फाइलचा प्रिंट काढून खेळायला गेलात तर निराशा होईल: ११.६७ घन सेंमीचं अर्धुक पीएलएमध्ये १४.५ ग्रॅम भरतं. हातातली ठेवण तपासायला ते ठीक, फिरवायला नाही. प्रिंटसाठी फाइलची वेगळी प्रत ठेवा, भिंती जाड करा आणि कडेत पोलादी गोळ्या बसवा.

६ मिमीची पोलादी गोळी ०.८९ ग्रॅमची असते. प्रत्येक अर्धुकात आठ गोळ्या, समान कोनांवर, २३.५ मिमी त्रिज्येवर, वाटीच्या बाजूने उघडणाऱ्या ६.१ मिमी व्यासाच्या खळग्यांत. बाहेर जवळपास दीड मिमी भिंत उरते. अर्धुकाचं प्लॅस्टिक २० ग्रॅम धरा. दोन्ही मिळून प्लॅस्टिक ४०, गोळ्या १४.२, दोन नट, ॲक्सल आणि बेअरिंग मिळून ५, म्हणजे ५९ ग्रॅमचा यो-यो. खेळून बघण्याइतका खरा. गोळ्या इपॉक्सीने चिकटवा, त्यावर झाकण द्या, आणि पहिल्या काही फेकी चष्मा घालून मारा. गोळी सुटली तर ती कुठे जाईल सांगता येत नाही.

प्लॅस्टिकमध्ये पाडलेले आटे दोन-चार आवळण्यांत निघतात. त्याऐवजी ॲक्सलचं भोक ४.२ मिमी आरपार ठेवा आणि मध्यपातळीपासून ६ मिमीवर एम४ च्या नटसाठी षटकोनी खोबण करा: समोरासमोरच्या बाजूंत ७ मिमी, अधिक ०.१ ते ०.२ ढिलाई, खोली ३.२ पेक्षा जरा जास्त. २० मिमीचा ग्रब स्क्रू बरोबर दोन्ही नटांच्या पार जातो. एका बाजूला बोल्टचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला नट ही सोपी वाट टाळा, दोन बाजूंची वजनं वेगळी होतात.

प्रिंट करताना वाटी खाली, बेअरिंगची बाजू वर. मग बाहेरची भिंत वर निमुळती होत जाते, तिला आधार लागत नाही, आणि बेअरिंगची जागा वरच्या थरांत स्वच्छ येते. आधार फक्त वाटीत लागतो, आणि वाटीचं छत ४५ अंशांनी उतरतं केलं तर तिथेही नाही. पहिले थर बाहेर पसरतात, म्हणून बेडला टेकणाऱ्या कडेला ०.५ मिमीचा चॅम्फर (तिरका काप) द्या, नाहीतर ती फुगलेली धार बोटाला कापते.

स्लायसरमध्ये (मॉडेलचे छापायचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन गोष्टी सक्तीने बदला. भरणीची जाळी अक्षाभोवती सारखी नसते, तेव्हा एकतर भरणी १०० टक्के ठेवा किंवा भिंतींची संख्या इतकी वाढवा की सगळं भिंतींनीच भरेल. दुसरं, प्रत्येक थराचा सांधा जिथे येतो तिथे प्लॅस्टिकचा बारीक फुगवटा राहतो. स्लायसर हे सांधे एकाच उभ्या रेघेत लावत असेल तर कडेवर एका जागी जास्तीचं वजन साचतं. सांधे विखुरलेले ठेवा. प्रिंटसाठीची एसटीएल फाइल काढताना सर्वांत बारीक दर्जा निवडा, नाहीतर गोल कड बहुकोनी येते.

खुंटाचं माप मिळवण्यासाठी अख्खं अर्धुक छापायची गरज नाही. मधला २५ मिमी व्यासाचा गाभा तेवढा कापून त्याचे चार तुकडे छापा: खुंट ६.२०, ६.२५, ६.३०, ६.३५. प्रिंटरवर बाहेरची मापं बहुधा फुगतात आणि भोकं आकसतात. ज्यावर बेअरिंग अंगठ्याच्या हलक्या दाबाने बसतं आणि उलटं धरल्यावर पडत नाही, तो आकडा तुमच्या प्रिंटरचा. तो तक्त्यात लिहून ठेवा. प्लॅस्टिकचा रोल बदलला की पुन्हा तपासा.

पायरी ६: लेथवर देताना

वर्कशॉपला स्टेप फाइल आणि मापं टाकलेलं पीडीएफ ड्रॉइंग द्या. एसटीएल देऊ नका, त्यात वर्तुळं नसतातच, नुसते त्रिकोण असतात. ड्रॉइंगवर सगळ्या मापांना कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लावणं हीसुद्धा चूकच: काम महाग होतं आणि खरं महत्त्वाचं काय ते समोरच्याला कळत नाही. कडक फक्त इथे:

- खुंटाचा व्यास ६.३५ मधून ०.०१ ते ०.०३ कमी, म्हणजे ६.३२ ते ६.३४.
- खांदा खुंटाच्या अक्षाला काटकोनात.
- खुंटाच्या तुलनेत कडेचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०२ मिमीच्या आत.
- अर्धुकाचं वजन ३१.५ ग्रॅम, फरक ०.३ च्या आत, आणि जोडीतल्या दोघांत ०.१ च्या आत.

बाकी सगळीकडे ०.१ मिमी चालतं.

मशीनवाल्याशी एक गोष्ट तोंडी बोलून घ्याच. खुंट, खांदा, खोबण, आटे आणि शक्य तितकी दोरीकडची भिंत एकाच पकडीत व्हायला हवी. तुकडा सोडून पुन्हा धरला की अक्ष सरकतो. वाटीची बाजू करताना अर्धुक चकमध्ये कडेने न धरता त्याच्याच खुंटावर आणि आट्यांवर बसणाऱ्या फिक्स्चरवर धरावं. यो-योची अर्धुकं एकमेकांना ॲक्सल जुळवत नाही, आट्यांत नेहमी थोडी चाळ असते. त्यांना जुळवतं ते दोन खुंटांवर बसलेलं बेअरिंग. म्हणून खुंटाशी नातं तुटलेली कड कितीही गुळगुळीत असली तरी उपयोगाची नाही.

ॲनोडायझिंगचा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉन असतो आणि त्यातला निम्मा मूळ पृष्ठभागाच्या वर चढतो. २० मायक्रॉनचा थर म्हणजे खुंटाचा व्यास ०.०२ मिमीने वाढला. ६.३४ चा खुंट ६.३६ झाला की बेअरिंग बसत नाही, आणि ठोकून बसवलं तर निघत नाही. एकतर खुंट झाकून घ्यायला सांगा, किंवा रंगाचा बेत असेल तर खुंट ६.३२ वरच ठेवा. आधी सँड ब्लास्टिंग असेल तर गाभा झाकणं सक्तीचंच.

पहिली फेक आणि दोष शोधणं

यो-यो जोडताना ॲक्सल आधी एका अर्धुकात निम्मा घाला, मग बेअरिंग, मग दुसरं अर्धुक. बोटांच्या जोराने आवळलं की पुरे. आटे निघाले तर बहुतेक वेळा जोर जास्त झालेला असतो. मोठं भोक पाडून एम४ चा हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवता येतो.

थरथर असेल तर लगेच डिझाइनवर ठपका ठेवू नका. क्रमाने जा: बेअरिंग बदला, ॲक्सल बदला, खुंटावर कापताना उरलेली धातूची कूस किंवा रंगाचा थेंब आहे का भिंगातून बघा, मग दोन्ही अर्धुकं तोला. प्रिंटच्या नमुन्यात आणखी एक युक्ती चालते. एक अर्धुक काढून नटाच्या खोबणीत ६० अंश फिरवून बसवा. अशा सहा जागा मिळतात, त्यांतल्या एखाद्या जागी दोन अर्धुकांचे असमतोल एकमेकांना बऱ्यापैकी खोडतात. प्रत्येक जागेवर पेन्सिलने खूण करा, फेकून फिरत्या कडेला नख हलकंच टेकवा आणि कुठे कमी टोचतं ते टिपा. धातूच्या यो-योत हे जमत नाही. ॲक्सल पुढे-मागे फिरवला तरी आट्यांमुळे अर्धुकं त्याच कोनात येऊन मिटतात.

आवळल्यावर यो-यो जड फिरतो आणि पाव फेरा सैल केल्यावर सुटतो, तर खांदा रुंद आहे किंवा कमी उंच आहे. बेअरिंग आत खडखडतं, तर खुंट लांब झाले आहेत, टोकावरून ०.१ मिमी घासा. बेअरिंग खुंटावरून निघेना, तर अर्धुक हळू फिरणाऱ्या ड्रिलमध्ये ॲक्सलने धरून खुंटाला अगदी बारीक पॉलिश पेपर दोन सेकंद लावा, मोजा, पुन्हा लावा. मायक्रोमीटर जवळ नसेल तर थांबा, कारण गेलेला धातू परत येत नाही आणि सैल खुंटावरची थरथर कशानेच जात नाही.

दोरी नको तिथे पकडते आणि यो-यो वर येतो, तर पॅड वर आला आहे, फट अरुंद आहे, किंवा बेअरिंगमध्ये घट्ट तेल आहे. तिसरी शक्यता आधी तपासा, फुकट आहे. बाइंड घसरत असेल तर फट ४.४ वरून ४.२ करायची घाई नको. नवे पॅड काही दिवस चिकट नसतात, आणि दोरी जाड घेतली तरी फरक पडतो. हे करूनही घसरलं तर पॅडची खाच ०.०५ ने उथळ करा, आणि फक्त तेवढंच बदला. एका नमुन्यात फट, खाच आणि भिंतीचा कोन असे तिन्ही हलवले की यो-यो सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक आणि बदललेलं एकच माप लिहा, आणि तोच क्रमांक वाटीच्या तळावर ०.३ मिमी खोल कोरा, दोन्ही अर्धुकांवर सारखाच.